खिशातला बर्फ

माझ्या चार वर्षांच्या नातीला बर्फ माहीत आहे तो फ्रिजमधला आणि रसवंतीतल्या ग्लासातला. आभाळातून पडणारा, रस्ते झाकून टाकणारा बर्फ तिने पाहिलेला नाही आणि पुण्यात राहून तो दिसणारही नाही. म्हणून ‘द स्नोई डे’ हे पुस्तक तिच्यापुढे उघडताना मला वाटलं होतं, बरंच समजावून सांगावं लागेल. काहीच सांगावं लागलं नाही. पीटर नावाचा मुलगा बर्फातून चालतो, आधी चवडे बाहेर वळवून, मग आत वळवून. त्या चित्रावर तिने बोट टेकवलं आणि एकेका ठशावरून ते नेत नेत थेट पीटरपर्यंत पोचवलं. संध्याकाळी पाय धुऊन आल्यावर कोरड्या फरशीवर तिने तसेच ठसे उमटवले, आधी चवडे बाहेर, मग आत.

एझ्रा जॅक कीट्स यांचं हे पुस्तक १९६२ साली न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने काढलं. गोष्ट अगदी एवढीशी आहे. सकाळी जाग आल्यावर पीटरला खिडकीतून बर्फ दिसतो. तो लाल कपडे चढवून बाहेर पडतो, मनसोक्त खेळतो, बर्फाचा एक गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो आणि घरी येतो. रात्री बघतो तर खिसा रिकामा. स्वप्नातही सूर्याने सगळा बर्फ वितळवून टाकलेला. पण सकाळी उठतो तर बर्फ तसाच, वर नवा पडतोय. मग तो समोरच्या घरातल्या मित्राला हाक मारतो. संपली गोष्ट. राक्षस नाही, हरवणं-सापडणं नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही. मोठ्या मुलांच्या बर्फाच्या मारामारीत शिरावं असं पीटरला वाटतं, पण आपण अजून लहान आहोत हे त्याचं त्यालाच कळतं. त्यावरही कुणी भाष्य करत नाही.

चित्रांकडे नीट पाहिलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की या पुस्तकातला बर्फ नुसता पांढरा नाही. त्यात फिकट निळा आहे, गुलाबी आहे, कुठे जांभळट झाक आहे. त्यावर पीटरचे टोकदार टोपडं असलेले लाल कपडे. एवढ्या मोठ्या शांत पसाऱ्यात तो एकच लाल ठिपका. डोळा दर पानावर आधी त्याच्याकडे जातो आणि तिथून बाकीचं चित्र बघायला लागतो. घराबाहेरच्या कित्येक चित्रांत पीटरच्या चेहऱ्यावर नाक-डोळे जेमतेम आहेत. त्याला काय वाटतंय ते कळतं ते मान कशी वळली आहे, पाय कसे पडले आहेत यावरून. मुखपृष्ठावरचा पीटरही मागे वळून आपल्याच पावलांच्या ठशांकडे पाहतोय.

ठशांची ही पानं मला सगळ्या पुस्तकाचं मर्म वाटतात. पावलांच्या खुणा झाल्यावर पीटर पाय फरफटत नेतो आणि बर्फावर दोन लांब रेघा उमटतात. मग त्या दोघींच्या जोडीला तिसरी रेघ येते. ती काठीची आहे हे शब्द लगेच सांगत नाहीत. आधी रेघ, काठीचं नाव नंतर. रेघ आधी आणि अर्थ नंतर, हा लहान मुलाच्या चित्रकलेचाच क्रम आहे. हातात खडू आला की मूल आधी रेघ ओढतं, मग तिच्याकडे बघून ‘हा साप’ किंवा ‘ही आगगाडी’ असं ठरवतं. पीटरसमोरचा बर्फ म्हणजे कोरा कागद आणि आपल्यासमोरचा कोरा कागद म्हणजे बर्फ. पीटर तिथे चालत नाही, चित्र काढतोय. ही गोष्ट कीट्स यांनी एकाही शब्दात म्हटलेली नाही आणि माझ्या नातीला ती बोटाने कळली.

ही चित्रं कशी केली तेही याच जातकुळीचं आहे. कीट्स तोवर दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत आले होते. या पुस्तकात कोलाजचे थोडेसेच तुकडे वापरायचे असं त्यांच्या मनात होतं, पण एक तुकडा दुसऱ्याला ओढून आणत गेला. पीटरच्या आईचा झगा आहे तो कपाटाच्या फळ्यांवर अंथरायच्या मेणकापडाचा. अंथरुणाची चादर म्हणजे चित्र रंगवण्यासाठीचं बेल्जियन कॅनव्हास. पडणाऱ्या बर्फाच्या नक्षीदार कण्या खोडरबरावर कोरून, रंगात बुडवून उमटवलेल्या. पीटर झोपतो त्या पानांवरची करडी पार्श्वभूमी टूथब्रशने काळी शाई शिंपडून केलेली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतला चित्रकलेचा तास आठवला. कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, टूथब्रश रंगात बुडवून त्यावर कंगवा घासायचा आणि पान अलगद उचललं की खाली पांढरं पान उरलेलं असायचं. भेंडी आडवी कापून तिचे फुलासारखे ठसे तर आपल्याकडे प्रत्येकाने काढले असतील. कीट्स यांची हत्यारं हीच आहेत. फरक आहे तो नजरेचा. कुठलं कापड कुठे बसवायचं, किती शाई उडवून थांबायचं, पानाचा केवढा भाग मोकळा सोडायचा, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मुलाला मात्र त्या चित्रात ओळखीचं काही दिसतं: हे कापलेलं आहे, हे चिकटवलेलं आहे, हे मलाही करता येईल. गुळगुळीत, चकचकीत चित्रांच्या बालपुस्तकांत मला हेच सापडत नाही. त्यांतली चित्रं मुलाकडे पाहून हसतात, पण त्याच्या हाताला काही काम देत नाहीत.

आता पीटरबद्दल. पीटर कृष्णवर्णीय आहे. हे पुस्तकातला एकही शब्द सांगत नाही, फक्त चित्र सांगतं. कीट्स स्वतः पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचे ब्रुकलिनमध्ये वाढलेले चिरंजीव. मूळ आडनाव कॅट्झ. १९४० साली ‘लाइफ’ मासिकात त्यांना एका कृष्णवर्णीय छोट्या मुलाची छायाचित्रं दिसली. रक्त तपासायला बसलेला मुलगा, सुई टोचण्याआधीचा आणि नंतरचा. त्यांनी ती कापून ठेवली, आपल्या भिंतीवर लावली. त्या मुलाचं पुस्तक व्हायला वीसेक वर्षं जावी लागली. पुस्तकाला १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. चित्रपुस्तकासाठी अमेरिकेत याहून मोठा मान नाही.

टीकाही झाली. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी हिशेबात धरली होती आणि त्यांतल्या फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. तो लेख गरजेचाच होता. त्यात ‘द स्नोई डे’बद्दलही दोन तक्रारी होत्या: पीटरचा वर्ण शब्दांत सांगितलेला नाही, आणि भडक पिवळ्या चौकड्यांच्या झग्यातली त्याची भलीथोरली आई ठोकळेबाज वाटते. पहिली तक्रार मला मुळीच पटत नाही. जे चित्रात लख्ख दिसतंय ते शब्दाने पुन्हा सांगितलं असतं तर पीटर बर्फात खेळणारा मुलगा राहिला नसता, कशाचं तरी उदाहरण झाला असता. दुसरी तक्रार अशी झटकून टाकता येत नाही. गोऱ्या चित्रकारांनी कृष्णवर्णीय बायकांची जी चित्रं वर्षानुवर्षं काढली, ती ज्यांनी सोसली त्यांना त्या झग्यात जुना अपमान दिसला असेल. मला मात्र तो मेणकापडाचा झगा पाहिला की स्वयंपाकघराचा वास येतो. बाहेरच्या थंडगार, मोकळ्या पानांनंतर मुलाच्या पायातले ओले मोजे काढणारी, पानभर पसरलेली पिवळी आई ही मला ऊबच वाटते.

एका शिक्षिकेने कीट्स यांना कळवलं होतं की तिच्या वर्गातली मुलं आता पहिल्यांदाच स्वतःचं चित्र काढताना तपकिरी खडू घेऊ लागली आहेत. आपल्याकडेही खडूच्या पेटीतल्या फिकट गुलाबी कांडीला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात. घरातल्या कुणाचीच कातडी त्या रंगाची नसते, तरीही. माझी नातही म्हणते. पीटरचं पुस्तक तिच्या हाती देण्यामागे माझ्या मनात हेही होतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते रिकाम्या खिशाशी. चार-पाच वर्षांच्या मुलाचं दुःख इतक्या अदबीने मांडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. आई येऊन समजूत घालत नाही. बर्फाचं पाणी होतं हा धडा कुणी देत नाही. पुस्तक एवढंच सांगतं की खिसा रिकामा आहे आणि पीटरला फार वाईट वाटतंय. गोळा कुठे गेला हे वाचणाऱ्या मुलाला पीटरच्या आधी कळलेलं असतं, आणि कळूनही त्याला काही करता येत नाही. नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजी, त्याने फ्रिजमध्ये ठेवायचा ना!” मी काही बोलले नाही. तिचं तिनेच पान उलटलं.

शेवटच्या चित्रात बर्फाचे मोठाले ढीग आहेत, खोडरबराच्या ठशांच्या कण्या पडताहेत आणि त्यांच्यामधून दोन लहानशी मुलं आत आत चालली आहेत. कालचा सगळा खेळ पीटर एकटा खेळला होता. आज बरोबर मित्र आहे. गेलेला गोळा परत मिळालेला नाही, त्याचा पुन्हा उल्लेखही नाही.

हे पुस्तक मिळालं तर घरातल्या मुलाला जरूर दाखवा. इंग्रजी मजकूर इतका थोडा आणि साधा आहे की बघता बघता मराठीत सांगता येतो. फक्त रिकाम्या खिशाच्या पानावर घाई करू नका, आणि तिथलं पान मुलालाच उलटू द्या.