आधी गृहीतक, मग माणसं

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. जगतापांची आद्याक्षरं उलटी वाचली की खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर हाती लागतात. एका परिषदेत रटाळ व्याख्यान चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती आणि परीक्षकांना अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाबाईंकडून करवून घेतली होती. किस्सा सर्वांच्या आवडीचा आहे. मला त्यात खटकते ती परीक्षकांची हजेरी. मराठीत विज्ञानकथा त्याआधीही लिहिली जात होती, पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती स्पर्धेच्या मांडवात. त्या मांडवातून ती अजून पुरती बाहेर पडलेली नाही.

नारळीकरांची लिहिण्याची रीत सरळ होती. आधी एक वैज्ञानिक शक्यता धरायची, ती कुठवर ताणता येते ते बघायचं आणि मग तिच्या सोयीनं माणसं नेमायची. विज्ञान वजा केलं तर कथाच उरू नये, ही त्यांची कसोटी. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीतही शास्त्रज्ञ फळ्यापुढे वाद घालतात आणि त्या वादातूनच कथानक पुढे सरकतं. नारळीकरांनी ही तऱ्हा उचलली. तिची उणीवही सोबत आली. त्यांची पात्रं हुशार आणि सभ्य असतात, पण पुस्तक मिटल्यावर त्यांचे चेहरे आठवत नाहीत. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांत तर कल्पना माणसांना ओढत नेते.

तरी त्यांना निव्वळ शिक्षक ठरवणं अन्यायाचं होईल, कारण त्यांच्यात एक खट्याळ माणूस दडलेला होता. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मोबियसच्या पट्टीचं गणित क्रिकेटच्या मैदानावर आणि थेट देव्हाऱ्यात शिरतं. ‘धूमकेतू’मध्ये पृथ्वीवरचं संकट शास्त्रज्ञ टाळतात आणि घरची मंडळी श्रेय शांतियज्ञाला देऊन मोकळी होतात. इथे लेखक प्रवचन देत नाही, आपल्याच घरातला तो प्रसंग पुढे ठेवून गप्प बसतो.

त्यांची सर्वोत्तम कथा मात्र माझ्या मते ‘गंगाधरपंतांचं पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. गोळी विश्वासरावांना चाटून गेली, एवढाच काय तो फरक. तिथे पोचल्यावर पंत काय करतात? टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःचेच ग्रंथ काढून वाचतात. दुसऱ्या विश्वात जाऊनही संदर्भ तपासणारा हा गृहस्थ अस्सल पुणेरी प्राध्यापक आहे. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच तो व्यासपीठावर चढतो. शेकडो सभांची अध्यक्षपदं भूषवलेल्या माणसाचा हात आपोआप त्या खुर्चीकडे जातो आणि श्रोते त्याला मंचावरून हुसकावतात. या दोन प्रसंगांत माणूस गृहीतकाच्या पुढे निघून गेला आहे. शेवटी मात्र पंतांचा मित्र राजेंद्र देशपांडे येतो आणि पुंजसिद्धांत समजावू लागतो. त्या दुसऱ्या विश्वातून पंतांसोबत आलेलं बखरीचं फाटकं पान पुरेसं होतं. पण परीक्षक समोर बसलेले असताना उत्तराखाली रीत लिहून दाखवावीच लागते!

पुढच्या लेखकांनी या वारशातली रीत तेवढी घेतली. खट्याळपणा मागे राहिला. काही अपवाद आहेत. लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आईनस्टाईन’मध्ये प्रश्न नैतिक आहे. सुबोध जावडेकर मेंदू आणि मनाच्या वाटेनं माणसाकडे येतात. बाळ फोंडके आणि निरंजन घाटे यांनी प्रकार जिवंत ठेवला, पण त्याच्या सरासरी कथेत अजूनही एक जिज्ञासू श्रोता असतो आणि एक डॉक्टर किंवा प्रोफेसर त्याला दोन पानं समजावत असतो. दिवाळी अंकाच्या मोजक्या पानांत दोन पानं म्हणजे चैन आहे.

समीक्षेचा दोषही कमी नाही. विज्ञानकथा हातात आली की आपण विज्ञान बरोबर आहे का, हे आधी विचारतो आणि वाक्य कसं आहे, हे विचारायचं राहून जातं. याच सोवळेपणापायी नारायण धारपांना आपण भयकथेच्या कोपऱ्यात बसवलं. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या होत्या, आणि वातावरण उभं करण्याची त्यांची हातोटी विज्ञानकथाकारांनी शिकून घ्यावी अशी होती. अंधारलेल्या वाड्यातली एक खोली धारप ज्या सबुरीनं लिहीत, त्या सबुरीनं अंतराळयानातली खोली मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही.

२०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या श्रद्धांजल्यांत त्यांनी विज्ञान सोपं केलं, हे वारंवार वाचायला मिळालं. गंगाधरपंतांच्या त्या रिकाम्या खुर्चीबद्दल लिहिणारे फारच थोडे होते.