लाल मणी आणि शून्य दोष

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत डेमिंग, जुरान आणि क्रॉस्बी ही नावे एका दमात घेतली जातात, जणू तिघे एकाच पंथाचे. मूळ पुस्तके वाचली की हा समज टिकत नाही. जुरान वस्तू वापरणाऱ्याच्या उपयोगी पडते का, एवढे पाहतात. खरा तंटा उरलेल्या दोघांत आहे, आणि तो दोष कोणाच्या पदरी घालायचा याचा आहे.

फिलिप क्रॉस्बी मार्टिन कंपनीत पर्शिंग क्षेपणास्त्राच्या कामावर होते. 'शून्य दोष' मोहीम तिथली, १९६०च्या दशकाच्या आरंभीची. १९७९च्या 'क्वालिटी इज फ्री'मध्ये त्यांनी तिच्यासाठी चौदा पायऱ्यांची शिडी बांधली. चुका होणारच असे धरून चालले की त्या होतात, ही त्यांची श्रद्धा.

डेमिंग यांच्या 'आउट ऑफ द क्रायसिस'मध्येही (१९८६) मुद्दे चौदाच. पण दहावा सांगतो, कामगारांकडे शून्य दोष मागणाऱ्या घोषणा काढून टाका. त्यामागचे कारण त्यांच्या लाल मण्यांच्या प्रयोगात दिसते. पेटीत ३२०० पांढरे मणी, ८०० लाल. पन्नास खळग्यांची पट्टी बुडवायची आणि फक्त पांढरे काढायचे. दहाच्या आसपास लाल येतातच. ज्याला पाच आले त्याला शाबासकी, पंधरावाल्याला तंबी. पुढच्या फेरीत दोघांची अदलाबदल होऊ शकते. प्रेक्षक हसतात. पेटीत लाल मणी घातले कोणी, हे मात्र 'कामगारा'ला कोणी विचारत नाही.

प्रयोग पटतो, तसा खटकतोही. इथे हाताच्या कौशल्याला जागाच नाही. लेथवरच्या टर्नरला आपल्या आणि शेजाऱ्याच्या हातातला फरक ठाऊक असतो. ही पेटी त्याचा दोष काढून घेते, तसा अभिमानही. आणि कारागिरीचा अभिमान हिरावू नका, हा तर डेमिंग यांचाच बारावा मुद्दा!

क्रॉस्बींवरही अन्याय नको. त्यांची पहिली पायरी व्यवस्थापनाच्या बांधिलकीचीच आहे. पण पुढे पाहा : नवव्या पायरीवर 'शून्य दोष दिन' साजरा होतो, आणि बिनचूक कामात अडचण कोणती हे कामगाराकडून लिहून घेतले जाते ते अकराव्या पायरीवर. एवढा क्रम उलटा असता, तर डेमिंग यांच्या दहाव्या मुद्द्याची धार बरीच बोथट झाली असती.