थांगकालीन झिलईदार मृण्मूर्तींतील परदेशीय

चीनमधील थांग वंशाच्या काळात (६१८–९०७) मृताबरोबर थडग्यात पुरण्यासाठी घडविलेल्या झिलईदार मृण्मूर्तींपैकी एक वर्ग. यात परदेशी उंटवाले, मोतद्दार, मद्यविक्रेते, वादक व नर्तक येतात. खोल डोळे, उंच नाक, दाट दाढी व टोकदार टोपी यांवरून ते ओळखू येतात. चिनी ग्रंथांत अशा लोकांना ‘हू’ म्हटले आहे. त्यांत समरकंदकडील सॉग्डियन व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. छांगआन (सध्याचे शीआन) व लोयांग या राजधान्यांच्या परिसरात या मूर्ती विशेषेकरून सापडतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्याच्या मध्यापर्यंत ही कला ऐन भरात होती.

मूर्तीचे भाग साच्यांत दाबून काढीत, जोडीत व भाजीत. मग शिसेयुक्त झिलई देऊन कमी तापमानात पुन्हा भाजीत. तांब्यामुळे हिरवी, लोहामुळे पिवळसर तपकिरी व क्वचित कोबाल्टमुळे निळी छटा येई. भट्टीत हे रंग ओघळून एकमेकांत मिसळत. चेहरा मात्र बहुधा झिलईविना ठेवून नंतर रंगवीत.

या मूर्तींच्या वास्तवतेची पुष्कळ स्तुती झाली आहे. ती अंशतःच सार्थ होय. साच्यातून निघालेले मुख व्यक्तीचे नसून ठरावीक नमुन्याचे असते. नाक व दाढी अतिशयोक्त, कधी व्यंगचित्राकडे झुकणारी. खरे निरीक्षण दिसते ते देहात : उंटवाल्याची वळलेली कंबर, फाकलेले पाय आणि दोर धरलेल्या मुठी. मुठींतील दोर केव्हाच नष्ट झाला. त्याचा ताण मात्र अंगात राहिला आहे.

शीआन येथे १९५७ मध्ये सापडलेल्या, सेनानी श्यन्-यू थिंगहुई याच्या थडग्यातील (७२३) उंटावरचा वादकवृंद ही या वर्गातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणावी लागेल. तीत हू व चिनी कलावंत एकाच उंटाच्या पाठीवर आहेत. असे सान्निध्य विरळाच. एरव्ही परदेशीय हा घोड्या-उंटांप्रमाणे मृताच्या दौलतीचाच भाग असतो. अशा मूर्तींची संख्या व उंची मृताच्या पदानुसार ठरविणारे नियमही होते. सॉग्डियनांच्या स्वतःच्या थडग्यांतील चित्र निराळे आहे. शीआन येथेच २००० मध्ये उघडकीस आलेल्या आन च्या (मृत्यू ५७९) या सॉग्डियन अधिकाऱ्याच्या दगडी मंचावरील उत्थित शिल्पांत तो स्वतः यजमान आहे. तो शिकार करतो, मेजवान्या देतो, तुर्कांचे आदरातिथ्य करतो. थांग कुंभारांनी ‘हू’ला ही भूमिका सहसा दिली नाही.

आन लू-शान या सेनापतीच्या बंडानंतर (७५५–७६३) या मूर्तींची निर्मिती झपाट्याने ओसरली. तो स्वतः सॉग्डियन पित्याचा पुत्र होता.