दोन निषादांचा हिशोब

मुंबईत १९३६ साली जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा पुढे लंडनला गेले. १९६९मध्ये त्यांनी जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह 'हम दोनों' ही ध्वनिमुद्रिका केली. अशा वादनाबद्दल आपल्याकडचा ठरलेला अभिप्राय म्हणजे 'जॅझमध्येही रागच आहेत. बीबॉप स्केल म्हणजे आपला खमाज.' तो तपासून घ्यायला हवा.

साम्य खरे आहे. डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्डवरच्या बीबॉप स्केलमध्येही दोन्ही निषाद आहेत. प्रयोजन मात्र निराळे. खमाजात शुद्ध निषाद आरोहाचा, कोमल अवरोहाचा. बीबॉपमध्ये उतरतानाच दोन्ही लागोपाठ येतात. गिटारवर ते शेजारशेजारच्या पडद्यांवर असतात. सा, ग, प, कोमल नी हे त्या कॉर्डचे स्वर. मात्रेला दोन स्वर या गतीने सातच स्वर उतरले, तर सा मात्रेवर पडतो. कोमल नी, प, ग मात्रांच्या मधे सापडतात. सा आणि कोमल नी यांच्यामध्ये शुद्ध नी घातला की चारही मात्रेवर येतात. म्हणजे हा निषाद रागाचा रंग नव्हे, लयीचा टेकू आहे.

दुसरा भेद याहून मोठा. रागात षड्ज अचल. जॅझमध्ये कॉर्ड बदलली की आधारस्वरच सरकतो, आणि वादकाला तेवढ्यात नवी वाट धरावी लागते. म्हणून अशा वादनात कोणता राग ऐकू आला, हा प्रश्न दुय्यम. षड्ज कुठे थांबला आणि कुठे हलला, हे आधी ऐकावे. त्याशिवाय 'संगम' हा शब्द केवळ कौतुकाचा उरतो.