कल्पनेचे ओझे

गेल्या चातुर्मासात आमच्या देवस्थानच्या वाचनालयासाठी नव्या पुस्तकांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. यादीत आम्ही विज्ञानकल्पनेच्या आणि अद्भुताच्या काही इंग्रजी कादंबऱ्या घातल्या, तेव्हा समितीतील एका वयोवृद्ध सदस्यांनी दोन आक्षेप घेतले. एक असा की, ह्या पुस्तकांत माणसे नसतात, नुसत्या कल्पना असतात. दुसरा असा की, आम्ही जिचा विशेष आग्रह धरला होता ती कादंबरी तर एका ख्रिस्ती मठाची. देवळाच्या कपाटात तिचे काय काम? दोन्ही आक्षेप सद्हेतूने घेतलेले होते. म्हणून तेथल्या तेथे वाद न घालता आम्ही ती पुस्तके पुन्हा वाचावयास घेतली.

पहिला आक्षेप निराधार नाही, हे आयझॅक आसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'वरून दिसते. 1942 पासून मासिकातून आलेल्या कथांचे हे पुस्तक 1951 साली निघाले. वायूच्या एका कणाची गती सांगता येत नाही, पण कोट्यवधी कणांचे वर्तन गणिताने वर्तविता येते. त्याचप्रमाणे अफाट लोकसमुदायाचे भवितव्यही मांडता येईल, ही त्यातील कल्पना. हॅरी सेल्डन हा गणिती साम्राज्याचा विनाश आधीच ताडतो आणि तीस हजार वर्षांची अंदाधुंदी एक हजार वर्षांवर आणण्याची योजना आखतो. कल्पना भव्य आहे यात शंका नाही. परंतु प्रत्येक संकटानंतर दिवंगत सेल्डनची प्रतिमा प्रकट होऊन 'हे असेच घडावयाचे होते' असे सांगू लागली की वाचकाचा जीव कशात गुंतावा? पत्रिकेतच सारे लिहिलेले असेल तर मुलीच्या बापाने मांडवात घाम का गाळावा? येथे माणसे बुद्धिबळाच्या सोंगट्या आहेत आणि डावाचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले आहे. पुढच्या भागात 'म्यूल' नावाचा, कोणत्याही गणितात न बसणारा, दुखावलेला मनुष्य येतो आणि तेव्हा कोठे कथेस रक्तमांस लाभते.

ह्याच कसोटीवर वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' (1959) घासून पाहावी. अणुयुद्धाने जग होरपळले आहे. ज्या विद्येने हा घात केला तिच्यावर खवळलेल्या जमावाने विद्वानांस मारले आणि ग्रंथ जाळले. अशा काळात लिबोविट्झ नावाचा एक तंत्रज्ञ मठ स्थापतो. त्याचे साधू ग्रंथ लपवून नेतात आणि जे नेता येत नाहीत ते मुखोद्गत करतात. सहाशे वर्षांनी फ्रान्सिस नावाच्या भोळ्या शिकाऊ साधूस एका पुरातन तळघरात लिबोविट्झचे काही कागद सापडतात. त्यांतला एक म्हणजे घरी नेण्याच्या खाद्यपदार्थांची यादी आहे. फ्रान्सिस तिलाही पवित्र मानून जपतो. दुसरा कागद विद्युत्‌यंत्राच्या आराखड्याचा. त्याचा अर्थ कोणासही कळत नाही, तरी त्याची सोनेरी वेलबुट्टीने नटविलेली प्रत करण्यात फ्रान्सिस आयुष्याची पंधरा वर्षे घालवितो. ती घेऊन धर्मगुरूंच्या भेटीस जाताना वाटेत दरोडेखोर गाठतो, झगमगती प्रत हिसकावतो आणि मळकट मूळ कागद टाकून देतो. परतीच्या वाटेवर फ्रान्सिस एका बाणाने मरतो.

हा भाग वाचताना आम्हांस यास्काचार्यांची आठवण झाली. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास त्यांनी निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. उपमा कठोर आहे आणि योग्यही आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून एक स्वरही इकडचा तिकडे होऊ न देणारे ते खांब नसते, तर यास्कांनी अर्थ तरी कशाचा लावला असता? मिलर फ्रान्सिसला हसतो, परंतु त्याच्या त्या पंधरा वर्षांना हसत नाही. कल्पना येथे एका माणसाच्या खांद्यावर बसली आहे आणि तिच्या वजनाने तो वाकलेला आपणास दिसतो.

मिलर तेथेच थांबता तर कादंबरी गोड झाली असती. दुसऱ्या भागात, इसवी सन 3174 मध्ये, त्या जपलेल्या कागदांच्या आधारे मठात विजेचा दिवा पेटतो. तो टांगण्यासाठी भिंतीवरील क्रूस काढावा लागतो. दिवा पाहून थक्क झालेला पंडित खऱ्या ज्ञानाचा भुकेला आहे. त्याच्याबरोबर आलेले अधिकारी मात्र राजासाठी मठाच्या तटबंदीचे नकाशे काढीत असतात. तिसऱ्या भागात पुन्हा बाँब पडतात. मग साधूंनी जपले ते काय? पुण्य की पुढच्या संहाराचे बीज? लेखक उत्तर देत नाही. काही साधू तेच ग्रंथ बरोबर घेऊन अंतराळयानाने निघून जातात. मिलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलात होता आणि 1944 साली इटलीतील माँते कासीनोच्या प्राचीन मठावर झालेल्या बाँबहल्ल्यात त्याचा भाग होता. मठ उद्ध्वस्त करणाऱ्यांपैकी एकाने पुढे मठ वाचविण्याची कादंबरी लिहावी, ह्यात तिच्या अस्वस्थतेचे मूळ असावे. शेवटी शेवटी मात्र, किरणोत्साराने तडफडणाऱ्या माणसास मरण द्यावे की नाही ह्या मठाधिपती आणि डॉक्टर यांच्या वादात लेखकाचा हात जड होतो आणि प्रवचनाचा सूर लागतो. तेवढी पाने आम्हांस रुचली नाहीत.

अद्भुताचे म्हणाल तर उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) ह्या कसोटीस सहज उतरते. वस्तूचे खरे नाव ज्यास ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता, ही त्यातील कल्पना नाममाहात्म्यावर वाढलेल्या आपल्या वाचकांस परकी वाटू नये. गर्वाने एक काळी सावली जगात सोडणारा तरुण गेड शेवटी तिला आपलेच नाव देतो. पुस्तक लहान आहे, मुलांसही देता येईल.

मराठीत जयंत नारळीकरांनी ही वाट रुळविली. त्यांच्या 'वामन परत न आला'मध्ये नष्ट झालेल्या संस्कृतीचे पुरलेले ज्ञान हाती येते आणि त्यातून वामन हा यंत्रमानव घडतो. मिलरचाच प्रश्न, पण पात्रे तो एकमेकांस समजावून सांगतात. कोणाच्या पाठीस त्याचा कढ फारसा लागत नाही.

राहिला दुसरा आक्षेप. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीहून मंगेश जुवारीपार प्रियोळास नेला गेला. ज्यांनी ते केले त्यांस पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. देव मागे ठेवावयाचा नाही, एवढेच ठाऊक होते. अशा कुळांच्या वंशजांस, पाठीवर ग्रंथ बांधून रानोमाळ पळणारे साधू केवळ ख्रिस्ती म्हणून परके वाटावेत, हे आम्हांस पटत नाही. ते तर उलट आमच्या घरचेच वाटले.

समितीने पुस्तक घेतले. ते पहिल्यांदा नेले त्याच वयोवृद्ध सदस्यांनी. महिन्याभराने परत देताना त्यांनी दिव्याच्या प्रकरणाशी खूण म्हणून तुळशीचे वाळके पान ठेवले होते. ते एवढेच म्हणाले, "एवढ्या मोठ्या मठात त्यांना दिवा टांगायला दुसरी भिंत मिळाली नाही का हो?"