गॅमा-किरण वेधशाळा : सहकार्याची कसोटी

दरेकसा येथील डोंगरांत रात्रीचा अंधार मुबलक आहे. परंतु केवळ अंधाराने गॅमा-किरण वेधशाळा उभी राहत नाही, तिला उंचीही लागते. म्हणूनच भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभी आहे. २०२४ साली तिचे उद्घाटन झाले. ही सिद्धी निःसंशय गौरवास्पद होय. तथापि एकाच कणवर्षावाचा अनेक दुर्बिणींनी वेध घेतल्यास किरणाची दिशा अधिक अचूक ठरते. आणि असा दुर्बीण-समूह उभारणे एकट्या राष्ट्रास जड जाते. येथेच आंतरराष्ट्रीय सहकार्याचे प्रयोजन उद्भवते.

मात्र सहकार्य म्हणजे खर्चाची वाटणी, ही रूढ समजूत आम्हांस अपुरी वाटते. १९६५ साली मुंबई, ओसाका व डरहॅम येथील संशोधकांनी कोलारच्या सुवर्णखाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंचा वेध घेतला. तेथे खाण आपली होती, आणि प्रश्नही आपला होता. आज चिलीतील पाम्पा ला बोला येथे नवी वेधशाळा योजली जात असता हीच कसोटी लावावयास हवी. एकाने पर्वत द्यावा व दुसऱ्याने प्रश्न विचारावे, यास सहकार्य म्हणता येणार नाही. दरेकसा येथील विद्यार्थ्यासही निरीक्षणांची सामग्री आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार लाभेल, तेव्हाच योजना सफल झाली असे म्हणावे.