नळाचा शेवटचा डाव

नळराजाची कथा मराठी वाचकाच्या मनात बहुधा हंसापाशी सुरू होते आणि स्वयंवरापाशी संपते. याला आपले कवीच कारण आहेत. श्रीहर्षाचे नैषधीयचरित द्यूतापर्यंत जातच नाही आणि रघुनाथपंडितांचे आख्यानही नावाप्रमाणे स्वयंवरातच रमते. उरलेला नळ शालेय बोधकथेतून आपल्यापर्यंत पोहोचतो : जुगार खेळला, राज्य गमावले, रानोमाळ भटकला. वनपर्वातील मूळ आख्यान आम्ही येथे जामुलच्या मुक्कामी, रविवारच्या रिकाम्या दुपारी सावकाश वाचले, तेव्हा हा बोध त्यात नाहीच, असे आमचे मत झाले.

हे मत शुद्ध वाङ्मयीन जिज्ञासेतून जन्मले, असे म्हणण्याचे धाडस मात्र आम्हांस होत नाही. इकडे बदली होण्यापूर्वी आम्ही मुंबईच्या कचेरीत होतो आणि हिवाळ्यातले कितीतरी रविवार महालक्ष्मीच्या मैदानावर घालवीत असू. रेसचे पुस्तक आम्ही खात्याच्या परीक्षेसारखे वाचीत होतो. घोड्याचे कुळ, मागील धावा, पाठीवरचे वजन, जॉकी, सारे मुखोद्गत असे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला, याचा दाखला आम्ही घरात वारंवार देत असू. पैसे तरीही जात. एका महिन्यात मुलाच्या शाळेची फी गेली, आणि त्याला आजोळी नागपुरास ठेवावे, अशी भाषा घरात सुरू झाली. दमयंतीनेही आपली मुले वार्ष्णेय सारथ्याबरोबर विदर्भातच धाडली होती.

नळाला घोड्यांची विद्या कमी नव्हती. बाहुक या नावाने तो ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून विदर्भाकडे हाकतो, तेव्हा राजाचे गळून पडलेले उत्तरीय क्षणात योजनभर मागे राहते. पण वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि ऋतुपर्ण रथातूनच त्याच्या दोन फांद्यांवरची फळे सांगतो : 2095. बाहुक रथ थांबवितो. विदर्भास वेळेवर पोहोचण्याची राजाला घाई, तरी हा सारथी उतरून फळे मोजीत बसतो आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा आपले अक्षहृदय त्याला देतो, अश्वहृदय त्याच्याकडे ठेव म्हणून राहू देतो, आणि त्याच क्षणी कली नळाच्या देहातून बाहेर पडतो. इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या 1975 च्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे. आमच्या मते आख्यानाचे मर्म येथेच आहे. नळ घोड्यामुळे बुडाला नव्हता, मोजता येत नव्हते म्हणून बुडाला होता.

महालक्ष्मीवर आमचे नेमके हेच झाले होते. कोणता घोडा, याचा विचार आम्ही आठवडाभर करीत असू. कोणती शर्यत, हा प्रश्न मनास शिवलाही नाही. वास्तविक हॅंडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात ते सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठीच. म्हणजे आमचे ज्ञान निरुपयोगी व्हावे, अशीच तेथे योजना असते. प्रथमच धावणाऱ्या शिंगरांच्या शर्यतीत वाचण्याजोगे काही नसते. 1943 पासून धावत आलेल्या इंडियन डर्बीसारख्या, घोडींना थोडी सूट देऊन बाकी सर्वांवर सारखेच वजन ठेवणाऱ्या शर्यतीत घोड्याचे गुण दिसतात खरे, पण ते आमच्याआधी साऱ्या मैदानाला दिसलेले असतात आणि भाव उतरलेला असतो. टोटच्या गंगाजळीतून कर आणि क्लबाचा वाटा आधीच वजा होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून तर वस्तू व सेवा कराचा दरच 40 टक्के झाला. हे सारे मोजल्यावर पण लावण्याजोगी शर्यत महिन्यातून एखादी निघेल, कदाचित तीही नाही. आम्ही मात्र दिवसाच्या सगळ्या खेळत असू. जॅकपॉटचे तर काय सांगावे! त्यात ठरवून दिलेल्या पाच शर्यतींचे विजेते सांगावे लागतात. सोडून देण्याचा हक्कच आपण तिकिटाबरोबर विकून टाकतो.

आता नळाचे दोन खेळ शेजारी ठेवून पाहावेत. पुष्कराशी पहिला खेळ अनेक महिने चालतो. प्रजा दाराशी येते, दमयंती रडते, नळ मान वर करीत नाही. दुसऱ्या खेळात तो एकच डाव टाकतो, जिंकतो आणि उठतो. जुगाराचा निषेध करावयाचा असता तर कवीने हा दुसरा खेळ लिहिलाच नसता. शिवाय ही कथा सांगणारा बृहदश्व द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराकडून कसलीही शपथ घेत नाही. कथा संपताच तो त्यालाही अक्षहृदयच देतो.

येथवरचा मजकूर आम्ही घरात वाचून दाखविला. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “त्या एका डावात त्याने पणाला काय लावले होते?” पुस्तक पुन्हा उघडावे लागले. पहिल्या खेळात पुष्कराने दमयंतीला पणाला लाव म्हणून सुचविले, तेव्हा नळ संतापाने निःशब्द झाला होता आणि अंगावरचे अलंकार उतरवून एका वस्त्रानिशी निघून गेला होता. शेवटच्या डावात, अक्षहृदय जाणणारा नळ आपल्या धनाबरोबर दमयंतीलाही आपणहून पणाला लावतो. ती जवळ नाही, तिला कोणी विचारीत नाही, आणि कवीही त्यावर एक शब्द बोलत नाही. हे वाक्य आम्ही दोनदा वाचूनही आमच्या ध्यानात राहिले नव्हते.